आडवी वावटळ

विमानात बसून आल्यापासून शाळेत माझा भाव वाढला, असं मला पहिले दोन दिवस वाटलं. शिक्षकांच्या खोलीत सगळे विचारायचे, "मास्तर, ढग हाताला लागतात का हो? वर गेल्यावर कान खरंच बंद होतात?" मी खुर्ची पुढं ओढून सुरुवात करायचो आणि सांताक्रूझपर्यंत येतो न येतो तोच एकेकाला आपापला तास आठवायचा. शेवटी चहा आणणारा सखाराम तेवढा उरायचा, आणि तोही कपबशा नेण्यापुरता. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. वाचणारा मधेच उठला तरी मला दिसणार नाही.

मंद्रूप

जायचं कारण माझी धाकटी बहीण रखमा. तिचे यजमान, आमचे दाजी, आधी सोलापुरात कापडाच्या गिरणीत होते. मग कलकत्त्याकडं एका तागाच्या गिरणीत जास्त मानाची जागा मिळाली म्हणून बिऱ्हाड तिकडं हललं. रखमाचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. आता दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला उठायचं नाही, बसायचं नाही, नुसतं पडून राहायचं असं बजावलं होतं. आमच्याकडं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पलंगावरून उतरायची जिला बंदी ती आमच्या गावी, मंद्रूपला, कशी येणार? तिचं एकच मागणं होतं. आय पाहिजे.

आणि आई तर घराचा उंबरा सोडायला तयार नव्हती.

आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आबा फार अवजड माणूस. चालणं हळू, बोलणं मोठं. मंद्रूपच्या बाजारात ते जनावरांच्या रांगेतून निघाले की बैलच अंग चोरून वाट द्यायचे. ते सोप्यात खाकरले की शेजारच्या आळीतली पोरं अभ्यासाला बसायची. एवढा माणूस घरातून गेला आणि आईचं बोलणंच बसलं. 'व्हय', 'न्हाय' आणि 'जेव', एवढ्या तीन शब्दांत ती संसार उरकायला लागली. सोप्यात आबांची बाज होती आणि बाजेवर त्यांची काळी घोंगडी, ते उठून गेले तेव्हा जशी होती तशीच.

दिवाळीच्या सुटीत मी नोकरीच्या गावाहून घरी गेलो तेव्हा मोठ्या शहाणपणानं ती घोंगडी उचलली आणि घडी घालायला लागलो. म्हटलं, "आये, आता किती दिवस हे असं ठेवायचं?" आईनं माझ्या हातातून घोंगडी घेतली, पुन्हा होती तशी अंथरली, आणि सुटी संपेपर्यंत मला तिसरा शब्दही मिळाला नाही. ताट नुसतं पुढं सरकायचं.

तर अशा आईला कलकत्त्याला न्यायचं होतं. मी भूगोल शिकवतो, त्यामुळं नकाशा दाखवला की माणसाला कुठलीही गोष्ट पटते असा माझा समज आहे. मी भारताचा नकाशा चुलीसमोर पसरला, मंद्रूपपासून कलकत्त्यापर्यंत बोट फिरवलं. आई म्हणाली, "न्हाय." मी रखमाचं दुखणं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. "न्हाय." मग मी हरलो आणि नकाशा गुंडाळता गुंडाळता सहज म्हणून गेलो, "रखीचे हाल हायेत. तिकडं भाकरी मिळत न्हाय. सकाळ-संध्याकाळ भात आन मासे."

आई चुलीपुढून उठली. "पोटुशी पोर आन भाकरीबिगार?"

आबा गेल्यापासूनचं तिचं सगळ्यात लांब वाक्य ते.

दुष्काळ सरून रानात शाळू उभा राहिल्याचं ते पहिलंच वर्ष. त्याआधी रेशनची लाल, परदेशी मिलो ज्वारी खाऊन आमच्या जिभांना खऱ्या ज्वारीची चवच आठवेना. आईनं नव्या शाळवाच्या कडक भाकरी करायला घेतल्या. ज्यांनी त्या खाल्ल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून तिच्यातलं पाणी उडेपर्यंत तशीच शेकत ठेवायची. मग ती आठवडेच्या आठवडे टिकते आणि मोडताना शेजारघरी ऐकू जाते. शेंगांची चटणी डब्यात दाबून भरली. भाकरींची उतरंड आबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली, आणि गाठ मारताना आई म्हणाली, "पोर माह्यारला येत न्हाय तर माह्यार उचलून न्यायचं. आख्खं न्यायचं मातुर. तुकडा पडू द्यायचा न्हाय."

ते शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. माझ्या हातून काय काय पडतं हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

सांताक्रूझ

आगगाडीनं कलकत्ता म्हणजे फार लांबचा पल्ला. बाळंतपण कुठल्याही दिवशी येईल अशी धास्ती होती, म्हणून दाजींनीच मुंबईहून विमानाची सोय केली. मुंबईपर्यंतच्या गाडीत सांगण्यासारखं काही घडलं नाही. आई गाठोडं मांडीवर घेऊन बसली आणि मी तिच्या गाठोड्याला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उभा राहिलो.

विमानतळावर सामान वजनाला टाकतात. ट्रंक दिली, वळकटी दिली. गाठोडं मागितलं तसं आईनं ते पदराखाली घेतलं. काउंटरवरच्या माणसानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि जाऊ दे म्हणाला. पुढं विमानात शिरलो. खिडकीशी आई, तिच्या शेजारी मी, आणि मधली वाट सोडून पलीकडं सफारी घातलेले एक मुंबईचे शेठ. खुर्चीला पट्टा असतो, तो कमरेला बांधायचा असतो, हे मला माहीत होतं. वर्गात पोरांना सांगायला नको? मी ऐटीत माझा पट्टा बांधला, मग आईचा शोधायला लागलो तर सापडेना. हवाई सुंदरी आली आणि ओठ दाबून हसली. मी माझ्या पट्ट्याचं एक टोक आईच्या पट्ट्याच्या टोकात अडकवलं होतं. मायलेक एकाच दाव्याला बांधल्यासारखे बसलो होतो. तिनं सोडवलं आणि दोघांना वेगवेगळं बांधलं.

"आणि हे गाठोडं पुढच्या खुर्चीखाली ठेवा, पायाशी," ती म्हणाली.

"पायाशी?" मी म्हणालो. "बाई, अन्न आहे ते."

आमच्याकडं भाकरीला पाय लागला तर माणूस वाकून नमस्कार करतो. ती पायाशी ठेवायची म्हणजे काय? ती बाई दुसरीकडं वळली तशी मी उठलो आणि डोक्यावरच्या फळीवर गाठोडं सन्मानानं ठेवून दिलं. ती फळी कोट-टोप्या ठेवायची, उघडीच. कडी नाही, कवाड नाही. आईनं मान डोलावली. आम्हा दोघांच्याही मते लक्ष्मी योग्य जागी बसली होती.

विमान धावपट्टीच्या तोंडाशी येऊन थांबलं. आमच्या पुढं एक जंबो होतं. नवीनच निघालेलं ते प्रचंड विमान मी वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिलेलं. प्रत्यक्ष बघितलं आणि मला आमच्या गावची दोनमजली शाळा चाकांवर निघाल्यासारखी वाटली. ते दूरवर पळत गेलं, आता उठतं की नाही असं वाटेपर्यंत पळालं, आणि मग जड अंगानं हळूहळू वर चढलं.

"केवढा रं त्यो," आई म्हणाली. मग जरा वेळानं, "तुज्या आबावानी निघालाय."

मी चमकून बघितलं. पण ती खिडकीबाहेर बघत होती.

जंबो वर जाऊन दिसेनासं झालं. पट्टी रिकामी, आभाळ रिकामं, झाडाचं पान हलत नव्हतं इतकी निवांत सकाळ. आणि आमचं विमान जागचं हलेना. इंजिनं घुरघुरत होती आणि आम्ही उभेच. माझ्या डोळ्यांपुढं पलंगावर पडलेली रखमा. इकडं हा बाबा रिकाम्या रस्त्यावर गाडी उभी करून बसलाय! शेठजींनी घड्याळ बघितलं. मला तेवढं पुरलं.

"चालवणारा नवा दिसतोय," मी त्यांना म्हणालो.

"असेल," ते म्हणाले.

"वैमानिकांना हवेच्या खड्ड्यांची भीती असते. हवेत खड्डे असतात ना." हे मी गेली कित्येक वर्षं सातवीला शिकवत आलो होतो. "पण आज हवा तर एकदम सपाट आहे. वारं असतं तर गोष्ट वेगळी."

मग माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी हवाई सुंदरीला हात केला. "बाई, त्यांना सांगा की रस्ता मोकळा आहे. पुढचं केव्हाच गेलं. आम्हाला बाळंतपणाला पोचायचंय."

"कॅप्टनना दिसतंय सगळं," ती गोड हसून म्हणाली.

"मग झोपलेत का?"

आई म्हणाली, "नामा, गप." म्हणजे त्या तीन शब्दांना चौथा मिळाला.

वर

शेवटी एकदाचं विमान सुटलं. पाठ खुर्चीला चिकटली, जमीन सुटली, झोपड्यांची पत्र्याची छपरं खाली गेली आणि समुद्र दिसायला लागला. मी आईला म्हणालो, "बघ, काही कळतं तरी का? सोलापूर-मंद्रूप एस्टी ह्याच्यापेक्षा जास्त हादरती."

विमान वळायला लागलं होतं. तेवढ्यात कुणीतरी उजवा पंख खालून धरून उचलावा तसं ते डावीकडं कलंडलं. थोडंथोडकं नव्हे. ज्या खिडकीत आभाळ होतं तिथं समुद्र आला. इंजिनांचा सूर बदलला. सगळं विमान एकदम उलट बाजूला हिसडलं, कुणाचं तरी लेकरू किंचाळलं, आणि मग सगळं पुन्हा सरळ. हे लिहायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात ते संपलं होतं. आईनं माझं मनगट असं धरलं होतं की तिची बांगडी माझ्या हातात रुततेय असं मला वाटलं. मग आठवलं, तिच्या हातात आता बांगड्या नव्हत्या. ते माझं घड्याळ होतं.

आणि लक्ष्मी? ती फळीवरून उठली, वाट ओलांडून पलीकडं गेली आणि शेठजींच्या डोक्यावर उतरली. गाठ सुटली. कडक भाकरीचा तुकडे होतानाचा आवाज मी वर सांगितलाच आहे. उतरंडीच्या उतरंडीचा एकदम कसा होत असेल त्याची कल्पना करा. शेठजींच्या खांद्यांवर, मांडीवर, सफारीच्या चारी खिशांत भाकरी. मधल्या वाटेवर भाकरी. पुढच्या तीन रांगांत भाकरी.

विमानात सगळे गप्प. कुणी रामाचं नाव घेत होतं, कुणी नुसतं छताकडं बघत होतं. त्या शांततेत आईचा आवाज उठला.

"गाडीवान कोन हाय रं? बोलवा त्येला हितं!"

वर्षभर जो आवाज आम्ही ऐकला नव्हता तो एकदम असा निघाला की मागच्या संडासाशी उभी असलेली दुसरी हवाई सुंदरी धावत आली. पहिलीनं आईला शांत करायचा प्रयत्न केला. आई म्हणाली, "तुज्यावर न्हाय माजा राग, बाय. त्येला बोलीव. पोरीचं माह्यार फोडलं त्येनं."

विमान सरळ उडायला लागलं, पट्टे सोडा असं सांगितलं गेलं, आणि खरोखरच पुढचं दार उघडून कॅप्टन आले. कानशिलं पिकलेली, टोपी काखेत. गोंधळ चालला आहे तो मराठीतून हे त्यांना आत सांगितलं गेलं होतं.

"मावशी, मीच गाडीवान."

आईनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "कुटला तू?"

"करमाळ्याचा."

"करमाळ्याचा?" आईचा राग दुप्पट झाला. बंगाली असता तर कदाचित सुटला असता. "आपल्याकडचा असून आशी गाडी हाकतुस? देवीनं तुला डोळं दिलं न्हाईत? गावच्या कमळाभवानीला काय तोंड दावशील?"

कॅप्टन मधल्या वाटेत उकिडवे बसले आणि भाकरीचे तुकडे वेचायला लागले. अंगात पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्टे, आणि हातात धोतराचं फडकं. ते बसले म्हणून आई बसली, आई बसली म्हणून मी बसलो. शेठजी आपल्या खिशातले तुकडे काढून एकेक देत होते. एक त्यांनी न कळत तोंडात टाकला आणि चावायचे थांबून आईकडं चोरून बघितलं.

"खा, बाबा," आई म्हणाली. "नामा, त्येला चटणी दे."

मग कॅप्टनना म्हणाली, "पर मला सांग, लेकरा, फुडं काय बी न्हवतं. आभाळ मोकळं व्हतं. तू आदळलास कशावर?"

"तेच तर, मावशी. आपल्या पुढं ते मोठं विमान गेलं, बघितलंत ना? ते गेलं, दिसेनासं झालं. पण त्याच्या पंखांनी घुसळलेलं वारं मागंच राहतं. आपल्या रानात उन्हाळ्यात वावटळ फिरते बघा, पाचोळा घेऊन?"

"व्हय."

"ती उभी असते. ती आडवी पाडायची. तशी एकेक वावटळ त्याच्या दोन्ही पंखांच्या टोकापासून निघते आणि त्याच्या वाटेवर पडून राहते. फिरत फिरत हळूहळू खाली येते. धूळ नाही, पाचोळा नाही, त्यामुळं दिसत नाही. विमान जेवढं अवजड आणि जेवढं हळू जाईल, तेवढी ती जोराची. मागून लहान विमान आलं आणि त्यात सापडलं तर ती त्याला असं कुशीवर लोळवते."

त्यांनी भाकरीचा एक मोठा तुकडा हातावर घेऊन कलता करून दाखवला. सगळी रांग त्या तुकड्याकडं बघत होती.

"मग रं?"

"मग थांबायचं. दुसरा इलाज नाही. वारा असला तर तिला बाजूला वाहून नेतो. आज पानही हलत नव्हतं म्हणून ती रेंगाळली. मी थांबलो होतो, मावशी. त्यानं जिथं जमीन सोडली त्याच्या अलीकडंच आपण सोडून त्याच्या वाटेच्या वर राहायचं, तेही केलं. तरी वळताना तिचं शेपूट लागलंच."

हवाई सुंदरीनं माझ्याकडं बघितलं. मी वाकून खुर्चीखाली भाकरी शोधायला लागलो. तिथं एकही तुकडा नव्हता तरी बराच वेळ शोधली.

"किती येळ थांबायचं असतंय?" आईनं विचारलं.

"दोन-तीन मिनिटं."

आईचा हात फडक्यावर थांबला. "दोन-तीन मिन्टं," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "इमानाचं बरं हाय की."

कॅप्टनना आधी कळलं नाही. मग त्यांची नजर तिच्या मोकळ्या कपाळावर गेली, आणि तिथून मनगटांवर. ते हळूच म्हणाले, "व्हय, मावशी." करमाळ्याहून निघाल्यापासून तो 'व्हय' त्यांनी कितव्या वर्षी काढला असेल कोण जाणे.

उठताना मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "साहेब, जरा आधी निघालो असतो तर?"

"उंचीवर असताना झालं म्हणून सावरलं," ते म्हणाले. "जमिनीजवळ असताना विमान असं कुशीवर गेलं, तर सरळ व्हायला खाली जागा लागते, ती नसते. मागची माणसं चुळबुळतात, शिव्याही घालतात. घालू देत. जंबो आल्यापासून आम्हाला ही सवय करून घ्यावी लागली." त्यांनी आईच्या हातून एक तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि चावत चावत आत गेले.

मी जागेवर येऊन बसलो. पट्टा स्वतःचा स्वतः बांधला. आई खिडकीबाहेर बघत होती. खाली पांढरे ढग, कापूस पिंजून ठेवल्यासारखे. तिनं माझ्याकडं न बघता बोलायला सुरुवात केली. लग्नात आबांनी घास भरवताना तिचा हात कसा चिरडला, बाजारातून येताना ते बांधापासूनच "चूल पेटीव" म्हणून कसे ओरडायचे, आणि ते गेल्यापासून ती स्वयंपाकघरातून सोप्याकडं निघाली की पायाखालची भुई कशी एका बाजूला जाते. "मला वाटलं, माजंच काय तर बिगाडलंय," ती म्हणाली.

कलकत्ता येईपर्यंत ती बोलत होती. मी मधे एकदाही काही शिकवलं नाही.

कलकत्ता

दमदमच्या विमानतळावर दाजी आले होते. रस्त्यात ट्राम बघितली, माणसांनी ओढायची रिक्षा बघितली. तिच्यात बसायला आईनं ठाम नकार दिला. "मानूस काय बैल हाय व्हय?" म्हणाली आणि दाजींच्या टॅक्सीकडं वळली.

रखमा खिडकीशी पलंगावर पडली होती. तोंड सुकलेलं, पोट तेवढं मोठं. आईला बघून ती रडेल म्हणून मी तयारीनं गेलो होतो. ती म्हणाली, "आये, भाकरी आनलीस?"

आई गाठोडं घेऊन उभीच राहिली. मग पलंगावर ठेवून तिनं गाठ सोडली. "आख्खं आनायचं व्हतं गं," ती म्हणाली. "चुरा झाला सगळा." आणि इतका वेळ विमानभर गाजलेली बाई तिथं डोळ्याला पदर लावून रडायला लागली.

रखमानं पडल्यापडल्या हात घातला, मूठभर चुरा उचलून हुंगला. "आये, मला उठून बसायची बंदी हाय. आख्खी भाकरी मी कशी मोडनार व्हते? उरावर ठिवून?" आणि ती हसली. "दुदात घाल की."

आईनं वाटीत दूध घेतलं, चुरा घातला, आणि लहानपणी भरवायची तशी चमच्यानं भरवायला लागली. दाजी मला घेऊन बाहेरच्या गॅलरीत गेले. आम्ही दोघं समोरच्या तळ्यात कपडे धुणाऱ्या बाया बघत उभे राहिलो. तिकडं घराघरापाशी तळं असतं. आमच्याकडं एवढं पाणी असतं तर आम्ही त्याला देऊळ बांधलं असतं.

शेजारी एक वयस्क बंगाली बाई होत्या, रखमा त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायची. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला बंगाली येत नव्हतं, आणि दोघी दुपारभर एकमेकींशी बोलत बसायच्या. माशीमा मोहरीच्या तेलातला माशाचा रस्सा पाठवायच्या. आमच्याकडं मासा म्हणजे क्वचित भीमेकाठच्या पाहुण्यानं आणला तर. मी शहाणपणानं मोठा घास घेतला आणि काटा घशात रुतला. माशीमांनी भाताचा मुटका न चावता गिळायला सांगितला. आईनं कडक भाकरीचा तुकडा पुढं केला. मी दोन्ही गिळलं. काटा कशानं गेला त्यावरून दोघींचा वाद लागला, तोही दोन भाषांत, आणि मला खात्री आहे की दोघींनाही आपण जिंकलो असंच वाटतंय.

रखमाला दवाखान्यात नेलं ती एक सकाळ. दुपार झाली तरी आतून काही कळेना. मागच्या वेळचं सगळ्यांच्या मनात होतं. दाजी भिंतीला टेकून बसलेले. मी दारापाशी येरझाऱ्या घालत होतो. येणाऱ्या प्रत्येक नर्सला मी विचारायचो, "अजून किती वेळ?" शेवटी एकीला म्हणालो, "जरा आत जाऊन सांगा तरी डॉक्टरांना—"

"नामा," आई बाकावरून म्हणाली. "थांब की."

मी तिच्याकडं बघितलं आणि बाकावर जाऊन बसलो. तिनं माझं मनगट धरलं, तसंच, विमानातल्यासारखं. आम्ही थांबलो. कितीही वेळ लागला असता तरी मी हललो नसतो.

मुलगी झाली. आतून तिचं रडणं आलं तेव्हा दाजी उठून उभे राहिले आणि दवाखान्याचा शिपाईही वळून बघायला लागला, इतका तो आवाज दांडगा.

"आबाचा घसा घिऊन आली भवानी," आई म्हणाली. आणि हसली.

परत

शाळा सुरू व्हायची होती, मला निघणं भाग होतं. आई राहणार होती. पोर मान धरेपर्यंत, असं ती आधी म्हणाली, मग रांगेपर्यंत म्हणाली. निघताना पाया पडलो तर तिनं दाराशी थांबवलं.

"मंद्रूपला जाशील नव्हं?"

"जाईन की."

"सोप्यात आबाची घोंगडी हाय." ती उगाच पदर सारखा करत होती. "तेवढी उनात टाक. झटक चांगली. आन दे धाडून. हितल्या गाद्या लई गुळगुळीत, पोर घसरतिया."

मला घाईनं 'बरं' म्हणायची सवय आहे. पण तेव्हा म्हणालो नाही. विचारलं, "उचलू व्हय?"

"उचल," आई म्हणाली.

परतीचं विमानही दमदमच्या पट्टीच्या तोंडाशी एका मोठ्या परदेशी विमानामागं थांबून राहिलं. शेजारचा माणूस चुळबुळ करायला लागला. "रस्ता मोकळा आहे, मग हा थांबलाय कशाला?" त्यानं हिंदीतून मला विचारलं. माझ्याजवळ एवढं सुंदर उत्तर तयार होतं, आणि तो पट्ट्यानं बांधलेला असल्यामुळं उठूनही जाऊ शकला नसता. पण मी म्हणालो, "निघेल की," आणि आईनं वाटेसाठी बांधून दिलेली शेंगांची चटणी त्याला दिली.

मंद्रूपला पोचलो तेव्हा ऊन कडक होतं. कुलूप काढून सोप्यात गेलो. बाजेपाशी जरा उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी घोंगडी उचलली. तिला अजून आबांच्या तंबाखूचा वास होता. अंगणात नेऊन जोरानं झटकली. वर्षभराची धूळ एकदम उठली, उन्हात गरगर फिरली, भिंतीला लागून वळली आणि माझ्या तोंडाकडं आली. मी डोळे मिटले.

वारं नव्हतं. ती धूळ बराच वेळ तिथंच तरंगत राहिली. घोंगडी हातात धरून मी तिच्यात उभा राहिलो, ती सगळी खाली बसेपर्यंत. मग घडी घातली.